पेटी कोणाकडे? 'रोनिन' पुन्हा बघणाऱ्या वाचकांचे प्रश्न

जॉन फ्रँकनहायमर यांचा 'रोनिन' (१९९८) बघून पुन्हा बघायला घेतलेल्या कोकणातल्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. ज्यांनी तो बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पॅरिसमधल्या एका छोट्या खानावळीत रात्री सॅम, व्हिन्सेंट, लॅरी अशी काही भाडोत्री माणसं जमतात. डिअर्ड्रा नावाची आयरिश बाई त्यांना काम देते. कडक पहाऱ्यातली एक पेटी पळवायची. पेटीत काय आहे आणि पैसे कोण देतंय, हे ती सांगत नाही. तिथून गोष्ट नीस, आर्ल आणि परत पॅरिस अशी फिरते. पुढच्या उत्तरांत शेवट उघड केला आहे. पहिल्यांदा बघायचा असेल तर आधी बघून घ्या, मग इकडे या.

प्रश्न : दोनदा बघितला. तरी कोण कोणाच्या बाजूचं, हे गणित जुळत नाही. पेटीत काय होतं तेही कळलं नाही. भाऊ म्हणतो, लिहिणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं. तिसऱ्यांदा कसा बघू? (एक वाचक, मालवण)

आधी पेटीचं. पेटीत काय होतं ते चित्रपटात कुठेही सांगितलेलं नाही. शेवटच्या प्रसंगात व्हिन्सेंट ते विचारतो आणि सॅम सरळ उत्तर देत नाही. त्यामुळे ते शोधत तिसऱ्यांदा बसलात तर तिसऱ्यांदाही हात हलवत उठाल. प्रश्न बदला. पेटी आत्ता कोणाकडे आहे आणि ती तिथे आहे हे कोणाकोणाला माहीत आहे, एवढंच विचारत जा. पेटीचा प्रवास असा: नीसमधले पहारेकरी, त्यांच्याकडून ग्रेगोर (टोळीतलाच एक), मग पोस्टाने पॅरिस, तिथे शेमस (डिअर्ड्राचा वरिष्ठ, आयरिश बंडखोर) आणि डिअर्ड्रा यांच्या गाडीत, अपघातानंतर पुन्हा ग्रेगोर, त्याच्याकडून रशियन मिखी आणि त्याला मारून परत शेमस. एवढी ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

भावाचं म्हणणं मात्र पटत नाही. संवादांवर डेव्हिड मॅमेट यांचा हात फिरलेला आहे. श्रेयनामावलीत ते रिचर्ड वाइझ या टोपणनावाने आहेत. मॅमेट यांची माणसं हवी ती गोष्ट कधी तोंडावर मागत नाहीत, शेजारची कुठलीतरी मागतात. सॅम जास्त पैसे मागतो तेव्हा त्याला पैसेच हवे असतात असं नाही. पैसे कोणाच्या खिशातून येतात ते त्याला बघायचं असतं.

आता वही. आडव्या पानावर चार रकाने पाडा: माणूस, तो स्वतःला काय म्हणवतो, खरा कोण आहे, आणि हे आपल्याला कधी कळतं. सहा नावं भरा. स्पेन्स (शॉन बीन) स्वतःला ब्रिटिश कमांडो म्हणवतो. पहिल्या अर्ध्या भागातच उघडा पडतो. ग्रेगोर (स्टेलन स्कार्सगार्ड) यंत्रांतला जाणकार म्हणून आलेला. नीसमध्ये पेटी बदलून पळतो. डिअर्ड्रा (नताशा मॅकेलहोन) स्वतःबद्दल फारसं खोटं बोलत नाही, पण तिच्या मागचा शेमस (जोनाथन प्राइस) लपवते. सॅम (रॉबर्ट डी नीरो) सांगतो की अमेरिकन गुप्तहेर खातं सोडलंय. ते त्याने सोडलेलंच नाही आणि तो पेटीसाठी नव्हे, शेमससाठी आलाय, हे शेवटच्या काही मिनिटांत कळतं. उरले दोन: गाडी चालवणारा लॅरी (स्किप सडुथ) आणि हवं ते मिळवून देणारा व्हिन्सेंट (ज्याँ रेनो). हे दोघे जे सांगतात तेच असतात. रकाने भरून झाले की सॅमची मैत्री नेमकी व्हिन्सेंटशीच का जमते, ते कोणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

चित्रपट सुमारे दोन तासांचा आहे. सलग न बघता चार बैठका करा. पहिली, स्पेन्सला घालवतात तिथपर्यंत. दुसरी, नीसमधला पाठलाग आणि खोट्या पेटीचा स्फोट. तिसरी, आर्लमधल्या रोमन रंगमंडलातला गोळीबार आणि सॅमच्या पोटातली गोळी काढतात तो प्रसंग. चौथी, पॅरिस. सगळ्यांत जास्त घोटाळा दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीच्या सांध्यावर होतो, कारण ग्रेगोर तिथे एकाला माल विकायला जातो, तो सौदा उलटतो आणि मग तो नव्याने सौदा जुळवतो.  हा दुवा सुटला की तिथून पुढचं सगळं चुकत जातं.

दुसऱ्या बैठकीत सॅमच्या हातांकडे लक्ष ठेवा. खोटी पेटी हातात आल्यावर तिचा रंग ओला असल्याचं त्याच्या ध्यानात येतं आणि तो ती भिरकावतो. कोणी ओरडून सांगत नाही, कॅमेराही तिथे रेंगाळत नाही. पहिल्या वेळी बहुतेकांना एवढंच वाटतं की तो नशिबाने वाचला.

प्रश्न : शेवट माहीत असताना थरारपट परत बघण्यात काय उरतं? आमच्याकडे मुलं विचारतात आणि मला नीट सांगता येत नाही. (एक वाचक, कुडाळ)

कुडाळच्या माणसाला हे उत्तर घरातच सापडेल. दशावतारात कोणतं आख्यान लागणार आणि राक्षस कधी पडणार, हे जत्रेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी माणसं पहाटेपर्यंत बसतात. संवाद लिहिलेले नसतात. आज हा नट शब्दाला शब्द कसा भिडवतो, संकासुर काय करतो, हे बघायला बसतात. शेवटाची उत्सुकता संपली की डोळे करण्याकडे जातात.

'रोनिन'मध्ये तर ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. सुरुवातीला सॅम खानावळीत पुढच्या दाराने शिरण्याआधी मागच्या बाजूला जातो आणि तिथे पिस्तूल लपवून ठेवतो. पहिल्यांदा वाटतं, सावध माणूस आहे. शेवट माहीत असताना दिसतं की हा कोणाच्या तरी हुकमावरून आला आहे आणि परत जायची वाट आधी बांधून ठेवतोय. दृश्य तेच, अर्थ दुसरा. मुलांना हा एकच प्रसंग दोनदा दाखवा: एकदा सुरुवातीला, एकदा सगळा चित्रपट संपल्यावर.

प्रश्न : वडील एसटीत चालक होते, आंबा घाटात वर्षानुवर्षं गाडी घातली. त्यांना यातले पाठलाग फार आवडले. ते म्हणतात, 'ह्या गाड्या खरोखर चालवल्यात.' खरं आहे का? नट स्वतः चालवतात? (एक वाचक, रत्नागिरी)

तुमच्या वडिलांची नजर बरोबर आहे. गाड्या खऱ्या, रस्ते खरे, आणि चालवणारे कसलेले. त्यांत पूर्वी फॉर्म्युला वन शर्यतीत उतरलेले ज्याँ-पिएर जारिए होते. फ्रँकनहायमर यांना गाड्यांची जाण जुनी होती. १९६६ साली त्यांनी मोटारशर्यतींवरच एक चित्रपट केला होता.

नटांचा चेहरा दिसत असताना गाडी कोण चालवतं, याची युक्ती आपल्याकडच्या चालकाला चटकन कळेल. फ्रान्समध्ये वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने, म्हणून स्टिअरिंग डाव्या हाताला. काही दृश्यांसाठी आपल्यासारख्या, उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्या घेतल्या आणि डाव्या बाजूला एक खोटं चाक बसवलं. नट त्या खोट्या चाकावर आणि खरा चालक शेजारी, चौकटीच्या बाहेर. त्यामुळे नटाच्या चेहऱ्यावर जो ताण दिसतो त्यातला बराचसा खरा आहे, कारण गाडी खरोखर त्या वेगात जात असते आणि ब्रेक त्याच्या पायाशी नसतो.

नीसच्या भागात लॅरी ऑडी एस-८ चालवतो. पॅरिसमध्ये डिअर्ड्रा बीएमडब्ल्यूत पुढे आणि सॅम प्यूजो ४०६ मध्ये मागे, समोरून येणाऱ्या वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने. हा पाठलाग तीनदा बघा. एकदा आवाज बंद करून, फक्त कोणती गाडी कोणत्या बाजूला आहे ते. एकदा डोळे मिटून, फक्त इंजिन आणि टायर. गिअर कधी उतरवला ते कानाला कळतं, आणि वडिलांना तर नक्की कळेल. तिसऱ्यांदा सगळं मिळून. नीसच्या वरच्या डोंगराळ रस्त्यावर वडिलांना विचारा, ब्रेक वळणाआधी लागतो की वळणात. वळणात ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते. घाटातल्या चालकाला हे शिकवावं लागत नाही. पडद्यावर मात्र फार थोडे दिग्दर्शक ते दिसू देतात.

आणखी एक. पुढचा माणूस आणि मागचा रस्ता एकाच वेळी स्वच्छ दिसतात, कारण भिंगं रुंद कोनाची वापरली आहेत. म्हणून गाडीच्या काचेतून मागे काय चाललंय तेही बघत जा.

प्रश्न : पाऊस गेल्यावर आमच्या वाडीत खळ्यात पडदा लावून चाळीसेक माणसांना दाखवायचा विचार आहे. प्रोजेक्टर भाड्याने मिळेल. काय काय लागेल? मागे एकदा दुसरा चित्रपट लावला तेव्हा चित्र फिकट दिसलं आणि मध्येच वीज गेली. (एक वाचक, देवगड)

सगळ्यांत आधी परवानगीचं बघा. घरी आणलेली डिस्क किंवा ओटीटीचं सदस्यत्व घरात बघण्यापुरतं असतं. वाडीला बोलावून दाखवायचं तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते, तिकीट लावलं नाही तरीही. हे काम महिनाभर आधी सुरू करा.

चित्र फिकट दिसण्याची कारणं बहुधा दोन. पहिलं, खोक्यावर लिहिलेले लुमेन (उजेडाचं माप) आणि ठरलेल्या पद्धतीने मोजलेले 'अॅन्सी लुमेन' यांत फार फरक असतो. स्वस्त यंत्रावर हजारांत आकडे असतात, पण अॅन्सी मोजले तर दोन-तीनशेच भरतात. भाड्याने घेताना अॅन्सीचा आकडा विचारा. तीन मीटर रुंद चित्राला, पूर्ण अंधारात, हजार अॅन्सी लुमेन पुरतात. गावात रस्त्याचा दिवा जवळ असेल तर दोन-अडीच हजार घ्या. दुसरं, पडदा. साधी पांढरी चादर निम्मा उजेड मागे सोडून देते. चादर दुहेरी करा आणि मागे काळं कापड लावा. निळी ताडपत्री मागे लावली की माणसांचे चेहरे निळसर दिसतात. गिलावा केलेली, चुना मारलेली भिंत असेल तर तीच उत्तम. उघड्या चिऱ्याच्या भिंतीवर मात्र दाखवू नका. चिऱ्याच्या भोकांत बारीक तपशील जिरून जातो, आणि या चित्रपटात सगळं बारीक तपशिलातच आहे.

'रोनिन'चं चित्र लांबट आहे, रुंदी उंचीच्या जवळजवळ २.३५ पट. म्हणजे तीन मीटर रुंदीला चित्राची उंची सुमारे १.२८ मीटर येते आणि वर-खाली काळे पट्टे दिसतात. पट्टे घालवायला कोणीतरी रिमोटवर 'झूम' दाबतं. दाबू देऊ नका. बाजू कापल्या की पाठलागात दुसरी गाडी चौकटीबाहेर जाते आणि मग कोण कुठे आहे ते कळत नाही. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर चित्राच्या रुंदीच्या किती पट) १.५ असेल तर तीन मीटर चित्रासाठी तो साडेचार मीटर मागे ठेवावा लागतो. खळ्याची लांबी आधी मोजा. प्रोजेक्टर माणसांच्या मधोमध आला तर त्याला उंच स्टूल लागेल.

पडदा वरून बांधतात आणि खालचा काठ मोकळा सोडतात, मग खाडीचा वारा आला की चित्र हेलकावतं. खालच्या काठात शिवण घालून प्लॅस्टिकचा पाइप ओवा, पाइपात वाळू भरा आणि दोन्ही टोकं खुंट्यांना ताणा. कार्तिकातल्या रात्री दव पडतं. प्रोजेक्टर वातानुकूलित खोलीतून थेट खळ्यात आणला तर भिंगावर धुकं धरतं. अर्धा तास पिशवीतच राहू द्या, मग बाहेर काढा. पुसत बसू नका, खारट हवेतल्या कणांनी भिंगावर ओरखडे येतात.

विजेचं गणित असं. मध्यम प्रोजेक्टर २५० ते ३०० वॅट, स्पीकर १००, लॅपटॉप ६०. म्हणजे साडेचारशे वॅट धरा. घरातल्या इन्व्हर्टरची १५० एएच, १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते; बदलाची तूट आणि बॅटरी पूर्ण रिकामी करायची नाही हे धरून ११०० हाती येतात. सुमारे अडीच तास. बॅटरी नवी असेल तर दोन तासांचा चित्रपट निघतो, पण तिच्यावर घरचे पंखे आणि मांडवातले दिवे चालू राहिले तर निघत नाही. इन्व्हर्टरच्या मागे दोन पर्यायांचं बटण असतं. ते 'यूपीएस'वर ठेवा. साध्या पर्यायात वीज गेल्यावर बदल व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात प्रोजेक्टर बंद पडतो. मात्र यूपीएसवर व्होल्टेज थोडं खाली आलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर बॅटरी खेळ सुरू होण्याआधीच अर्धी होईल. म्हणून दुपारी पूर्ण चार्ज करा आणि साडेसातला खेळ लागेपर्यंत तिच्यावर भार टाकू नका. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर वीज गेल्यावर आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा फुटण्याची भीती असते. एलईडी किंवा लेझरचा घ्या, ही चिंता राहत नाही.

चाळीस माणसांना मध्यंतर लागतं. ते आर्लच्या गोळीबाराआधी घ्या. गोळी काढण्याच्या प्रसंगानंतर घेतलं तर पुढचा भाग फार थोडा उरतो आणि लोक उठून जातात. मध्यंतरात पेटीचा प्रवास कोणीतरी दोन वाक्यांत सांगावा. रापण ओढताना मागच्या माणसाला जाळं कुठवर आलं ते ओरडून सांगतात ना, तितकंच पुरे.

प्रश्न : संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवला की गोळीबारात शेजारी उठून येतात. टीव्ही नवा, मोठा आहे. चित्रही कसंसंच दिसतं, मालिकेसारखं. (एक वाचक, अलिबाग)

आवाज सहा वाटांचा केलेला आहे आणि संवाद मधल्या वाटेवर आहेत. टीव्हीला दोनच बारके स्पीकर, तेही खालच्या बाजूला किंवा मागे तोंड करून. सहा वाटा दोनांत कोंबल्या की संवाद दबतात. आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन बाहेर जाणारा आवाज 'पीसीएम' किंवा 'स्टिरिओ' करा, आणि 'नाइट मोड' असेल तर चालू करा. तो मोठे आवाज खाली आणि बारीक आवाज वर आणतो. साउंडबार घेणार असाल तर मधला वेगळा स्पीकर असलेला घ्या.

पावसाळ्यात पत्र्याच्या पडवीत बसून बघत असाल तर यातलं काहीच उपयोगी पडत नाही. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज संवादांच्याच पट्टीत असतो. तेव्हा हेडफोन लावा किंवा इंग्रजी सबटायटल चालू करा.

मालिकेसारखं दिसतं ते टीव्हीच्या 'मोशन स्मूदिंग'मुळे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून भरतो. प्रत्येक कंपनी या सोयीला वेगळं नाव देते, पण चित्राच्या सेटिंगमध्ये 'मोशन' शब्द असलेलं जे असेल ते बंद करा. मग चित्राचा प्रकार 'व्हिविड'वरून 'सिनेमा'वर आणा. या चित्रपटाचे रंग मुद्दाम उतरवलेले आहेत: राखी, तपकिरी, हिवाळी उजेड. 'व्हिविड'मध्ये तो जाहिरातीसारखा चकाकतो आणि पहिल्या दहा मिनिटांतली सगळी धास्ती निघून जाते.

प्रश्न : आईला इंग्रजी सबटायटल वाचता येत नाहीत. हिंदीत भाषांतरित आवाजाचा लावला तर चालेल? आणि बारा वर्षांचा भाचा सोबत बसणार आहे. (एक वाचक, वेंगुर्ला)

आईंसाठी लावा, जरूर लावा. पण काय हरवतं ते माहीत असू द्या. मूळ आवाजात प्रत्येकाच्या बोलण्यावरून त्याचा गोट कळतो: डिअर्ड्रा आणि शेमस आयरिश वळणाचं बोलतात, व्हिन्सेंट फ्रेंच, सॅम आणि लॅरी अमेरिकन, स्पेन्स ब्रिटिश. शेमस पहिल्यांदा तोंड उघडतो तेव्हाच तो डिअर्ड्राचा माणूस हे कानाला कळतं. हिंदीत सगळे एकाच वळणाचे होतात. म्हणून नवं माणूस आलं की तुम्ही शेजारी बसून एका शब्दात सांगा: 'हा तिच्याकडचा', 'हा रशियन'. शेवटी कॅफेत रेडिओवर उत्तर आयर्लंडच्या समझोत्याची बातमी लागते, तिचा अर्थ मात्र नीट सांगा. प्रत्यक्षातला करार १० एप्रिल १९९८ चा, चित्रपट त्याच वर्षी सप्टेंबरात आला. तेव्हाच्या प्रेक्षकाला ती बातमी ताजी होती, आईंना नसेल.

सत्तेचाळीस रोनिनांची, म्हणजे धनी गमावलेल्या सामुरायांची, गोष्ट आईंना आवडेल. गोळी काढल्यानंतर सॅम ज्याच्या घरी बरा होतो तो म्हातारा ज्याँ-पिएर (मायकेल लॉन्सडेल) छोट्या बाहुल्या मांडून ती सांगतो. जपानात १७०१ साली एका सरदाराला पोट फाडून घ्यावं लागलं. त्याच्या निराधार झालेल्या सामुरायांनी १७०३ च्या सुरुवातीला सूड घेतला आणि मग शिक्षा म्हणून स्वतःही तसंच मरण पत्करलं. हा भाग घाईने बोलला जातो. तिथे थांबवून आईंना तुमच्या शब्दांत सांगितलंत तर सॅम पुढे का थांबत नाही ते त्यांना कळेल.

भाच्याला या वर्षी नको. आरशात बघत सॅम स्वतःच्या पोटातली गोळी काढायला सांगतो तो प्रसंग, आणि ग्रेगोर खेळणाऱ्या मुलीवर नेम धरतो तो, हे दोन्ही त्या वयाला जड आहेत. तो हट्टच धरून बसला तर नीसच्या पाठलागाचा सुरुवातीचा तुकडा वेगळा दाखवा, आणि खोटी पेटी हातात यायच्या आधी बंद करा.